भागीचा वेगळा कागद

पोशीर गावात कॉलेजची पायरी चढलेली बाई त्या काळी एकच, आबाजींच्या विमलबाई. लग्न होऊन आल्या तेव्हा ट्रंकेत दोन लुगडी आणि बाकी सगळी पुस्तकं, असं सासरचे हसत सांगायचे. पुढे त्यांनी महिला मंडळ काढलं. सोमवारी दुपारी त्यांच्या ओटीवर बायका जमायच्या. कुणी तांदूळ निवडायची, कुणी गोधडीला टाके घालायची आणि विमलबाई मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायच्या. गाव त्यासाठी त्यांचं नाव अजून घेतं. विमलबाईंना ते ऐकवत नाही.

साल अडुसष्ट, एप्रिल महिना. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या, गांधीजींच्या वाटेनं लढणाऱ्या पुढाऱ्याला गोळी घातल्याची बातमी आली. ती नुसती वाचून विमलबाईंचं समाधान होईना. तीन सोमवार लावून त्यांनी सगळं मुळापासून सांगितलं. माणसं जहाजात कोंबून कशी नेली, बाजारात कशी विकली, कापसाच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या कशी राबवली. सुटका झाल्यावरही शंभर वर्षं नळ वेगळा, बाक वेगळं, बसमध्ये जागा मागची. एका शहरात तर त्या लोकांनी वर्षभर बसमध्ये पाऊल ठेवलं नाही, कामाला चालत गेले.

“वरीसभर?” सोनुबाई म्हणाली. “आमची सून नेरळपोत चालायचं म्हटलं का पाय धरून बसते.”

बायका हसल्या.

सगळ्यांत मन लावून ऐकायची ती भागी, डोंगराखालच्या कातकरी वाडीतली. भाताची रोपं करायच्या जागी राब भाजतात, त्यासाठी ती पालापाचोळ्याचे भारे आणायची. भारा टाकला की अंगणातच बसायची, ओटीच्या पायरीपासून दोन हात लांब. प्रश्न तिचेच जास्त. एकदा तिनं विचारलं, “आन्‌ बाय, मेल्याव त्यांना पुरायचे कुटं? तितं तरी येकत्र?” पुष्कळ ठिकाणी तिथंही वेगळंच, असं विमलबाईंनी सांगितलं. भागी नुसती मान हलवत राहिली.

त्या पुढाऱ्याच्या बायकोला सांत्वनाचं पत्र पाठवायचं मंडळात ठरलं. विमलबाईंनी ते इंग्रजीत लिहिलं आणि खाली सही केली. बायकांच्या अंगठ्यांसाठी ग्रामपंचायतीतून शाईचं पॅड आणलं. चौदा अंगठे उठले तेव्हा भागी उभी राहिली.

“माजा बी घे ना, बाय.”

अंगठे घेत बसलेल्या मोतीबाईनं पॅड आपल्या मांडीजवळ ओढून घेतलं. ते घरचं नाही, पंचायतीचं आहे, उद्या चार जणांचे हात लागायचे, असं काहीसं ती पुटपुटली. बाकीच्या तांदळात बघत राहिल्या.

विमलबाईंना कुणालाच दुखवायचं नव्हतं. त्या आत गेल्या, तव्याच्या बुडाची काजळी पळसाच्या पानावर तेलात कालवली आणि एक कोरा कागद आणला. “तुझ्यासाठी नवा कागद, भागी,” म्हणत तो काजळीच्या पानासकट पायरीवर ठेवला आणि मागे सरल्या. भागीनं अंगठा काजळीत बुडवून नीट दाबला.

“ह्यो बी तितंच जाईल ना?”

“हो गं. त्यालाच जोडते.”

युक्ती शिकावी तर विमलबाईंकडून, असं सोनुबाई जाताना म्हणाली. खरं सांगायचं तर विमलबाईंनाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी पत्र पाकिटात घालण्याआधी त्यांनी एकदा वाचलं. वेगळे नळ, वेगळी बाकं, हे त्यांनी स्वतःच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पान उलटलं. टाचणीनं जोडलेल्या कागदावर एकच काळा अंगठा. ओटीवर दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांचे कान तापले. पहिला विचार आला तो असा, की अमेरिकेत कुणाला कळणार आहे. तो विचारही आपलाच, हे ध्यानात आलं आणि त्यांना तिथं बसवेना.

पत्र पुन्हा नव्या कागदावर उतरवून, पॅड घेऊन, त्या उन्हातून वाडीवर गेल्या.

“कालच दिला की,” भागी म्हणाली.

“ते माझं चुकलं. सगळ्यांचे एकाच कागदावर हवेत. पहिला तुझा.”

“मंग माज्याखाली कोन देल?”

विमलबाईंनी कागद तिच्या हातात दिला. भागीचा अंगठा उठल्यावर त्याच पॅडवर त्यांनी आपला अंगठा टेकवला, सही येत असूनही. भागी बघत होती. मग आत जाऊन तिनं तांब्याभर पाणी आणलं.

“नको गं, घरून पिऊनच निघाले.”

घशाला कोरड पडली होती आणि तोंडातून मात्र हे निघून गेलं. भागीनं तांब्या खाली ठेवला. विमलबाई वाडीच्या टोकापर्यंत गेल्या, थांबल्या, परत आल्या.

“भागी, पाणी दे.”

भागीनं तांब्या उचलून उंच धरला. “वरनं ओतू, बाय?”

ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. विमलबाईंनी हात पुढे करून तांब्या घेतला आणि तोंड लावून प्यायल्या. पाणी संपलं तरी त्यांना मान वर करवेना.

भागीच्या अंगठ्याखाली मंडळातल्या पाच जणींनी अंगठे दिले. मोतीबाई यायची बंद झाली. पत्र तेवढ्यावरच गेलं.

कुणी फार कौतुक करायला लागलं की विमलबाई ट्रंकेतून तो वेगळा कागद काढून पुढ्यात ठेवतात. “हा मी पायरीवर ठेवला होता,” म्हणतात. “हातात नव्हता दिला.”