ओळंबा लावणारे दाजी

आमच्या दाजींनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी, उभ्या जन्मात पाठ टेकायला भिंत सोडून कशावरच विश्वास ठेवला नाही. दाजी लातूरला सर्जन. पण दुखरं पोट घेऊन आलेल्याची आधी पाठ बघायचे. उशीवर त्यांचा संशय, सोफ्यावर संशय, कापसाच्या गादीशी तर उभा दावा. भूकंपात घराला तडे गेले आणि भिंतही संशयितांत जमा झाली. दाजींनी गवंड्याकडून ओळंबा मागून आणला, भिंती तपासल्या आणि मग तो परत न देता माणसांना लावायला लागले. कानाशी दोरी धरायची, खालचं वजन घोट्याशी आलं तर माणूस सरळ, नाहीतर, "कुठं झुकून राहिलात?"

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. दप्तरांखाली वाकलेली पोरं गल्लीतून जायची आणि दाजी फाटकात ओळंबा घेऊन उभे. "डॉक्टर व्हायचंय? मग मान आत्ताच मोडून घेतोस व्हय?" पोरं लांबच्या वाटेनं जायला लागली.

मी तेव्हा नांदेडला. स्वतःला लई हुशार समजायची. अक्काचा फोन आला, "जेवले की मागच्या खोलीत जाऊन कडी लावतेत. विचारलं तर काही न्हाई म्हणतेत. काहीतरी हाय बघ." मी लगेच एस.टी. धरली. लोहा येईपर्यंत मी त्या खोलीत एक नर्स बसवली होती. अहमदपूर येईस्तोवर तिला दोन लेकरंही झाली होती. आता नातींना सांगताना हसू येतं, तेव्हा मात्र दात-ओठ खात होते.

दुपारी मागच्या खिडकीखाली बादली पालथी घालून चढले. नर्स नव्हती. दाजी उघड्या फरशीवर उताणे पडून उजव्या हाताची बोटं चोळत होते. तेवढ्यात बादली सटकली. दाजी कण्हत बाहेर आले आणि मला उठवायच्या आधी म्हणाले, "टाचा उचलून उभ्या होतात ना? वाटलंच!"

मग आवाज उतरला. "मेहुणीबाई, अक्काला बोलू नका. टेबलावर वाकून वाकून मान गेली. बोटांना मुंग्या येतेत. उद्या कुणाचं पोट उघडं असताना..."

 ओळंबा त्यांनीच माझ्या हातात दिला. आजवर त्यांना तो कुणी लावला नव्हता. कानाशी दोरी धरली, तर वजन पायाच्या बोटांपुढं लोंबत होतं.

"सरळच हाय की, दाजी."

"खोटं. तुमच्या तोंडावरनं कळून राहिलं."

संध्याकाळी त्यांनी अक्काला सगळं सांगितलं आणि सुरी खाली ठेवली ती कायमची. अक्का रडली. मी तर नर्सच्या लेकरांची नावंसुद्धा ठरवून आलेली, कुठल्या तोंडानं धीर देणार!

पण घरी बसतील ते दाजी कसले? दवाखान्यात त्यांच्या जागी आलेल्या तरुण सर्जनच्या मागं स्टूल टाकून बसायचे. "टेबल वर घे. खांदे खाली. मान!" तो बिचारा वैतागायचा, "सर, पोट बघू की पाठ?"

"पोट तू आज शिवशील. तुझी पाठ कोण शिवणार?"

एकदा दाजी तापानं आठवडाभर घरी होते. मी भेटायला गेलेली. तोच तरुण डॉक्टर दारात आला.

"सुटलास की माझ्या तावडीतून," दाजी म्हणाले.

तो चपलांकडं बघत राहिला. "सर, मान लई दुखून राहिली."

दाजींनी त्याच्याकडं संशयानं बघितलं. कष्टानं उठून बसले. "वळ. पाठ दाखव."

त्याच्या खांद्यावर ठेवलेली दाजींची बोटं थरथरत होती. पोराला ते कळलं असणार. पण दाजींचं तपासून होईपर्यंत तो जागचा हलला नाही.