मौनी आणि ‘अर्धी झोप’

सलूनमध्ये दोन खुर्च्या होत्या आणि दोन भाऊ. दारापासच्या खुर्चीमागे थोरला उभा असायचा. त्याची कात्री एकदा चालली तर जीभ दहादा चालायची, म्हणून गिऱ्हाइकं पाठीमागे त्याला ‘भोंगा’ म्हणत. आतल्या खुर्चीमागचा धाकटा म्हणजे ‘मौनी’. ज्यांना मन हलकं करायचं असे ते थोरल्याकडे बसत. ज्यांना नुसते केस कापून हवे असत ते धाकट्याकडे.

मौनी पन्नाशीला आला तरी बिनलग्नाचा होता. का, असं कुणी विचारलं तर थोरलाच उत्तर देई, “अहो, हो म्हणायलासुद्धा तोंड उघडावं लागतं ना!” दुकानावरच्याच मजल्यावर तिघं राहत: थोरला, वहिनी आणि मौनी. पुतणी लग्न होऊन लांब गेल्यापासून तिची खोली मौनीला मिळाली होती.

अंथरुणाला खिळलेल्या माणसांची दाढी करायला त्यांच्या घरी जायचं काम मौनीकडे असे. त्यांतले एक निवृत्त इंजिनियर होते. पक्षाघातानं त्यांचं अर्धं अंग गेलं होतं आणि वस्तरा दिसला की उरलेला हात ते जोरात झटकत. एकदा मौनीचंच मनगट कापलं. पुढच्या खेपेला त्यांची नात म्हणाली, “काका, थांबा जरा. हे लावते. यानं आजोबा शांत होतात.”

तिनं उशाशी छोटा स्पीकर ठेवला. आधी नुसती घरघर आली, पलीकडच्या खोलीत पंखा फिरावा तशी. मग तिच्या खालून सावकाश एक ठोका. मग बाईचा आवाज. शब्द कळेनात, बंद काचेपलीकडून कुणी आपल्याशी बोलावं तसं वाटत होतं. आजोबांचा हात चादरीवर निवांत पडून राहिला. मौनीनं फेस लावला, गालाची सुरकुती बोटानं ताणून वस्तरा फिरवला. हनुवटी झाली, ओठांवरचं झालं, तरी तो तिथंच उभा.

“झालं ना, काका?” नातीनं विचारलं.

“झालं. पण गाणं संपू दे.”

बँडचं नाव ‘अर्धी झोप’, तिनं सांगितलं. दोघीच बायका. एक गाते, दुसरी मशिनं वाजवते.

“मशिनंच? तबला, पेटी काही नाही?”

“काही नाही. सगळं वायरींतून.”

तिनं सगळी गाणी त्याच्या फोनमध्ये घालून दिली. त्या आठवड्यात मौनी घरी जेवायला बसला की मध्येच घास हातात धरून थांबायचा. वहिनींना वाटलं, दात दुखतोय.

एकदा दुपारी थोरला वर जेवायला गेला असताना मौनीनं दुकानात गाणी लावली. खुर्चीतलं गिऱ्हाईक घोरायला लागलं आणि बाकावरचा बसल्या बसल्या पेंगू लागला. थोरला हात पुसत खाली आला आणि दारातच थबकला.

“काय रे हे? फ्रिज बिघडलाय का?”

“गाणं आहे, दादा.”

“कुठाय गाणं? मला तर फ्रिजच ऐकू येतोय. आणि हे सगळे झोपले तर मी बोलू कोणाशी?”

शेवटी ठरलं, थोरला जेवायला जाईल तेवढा वेळ मौनीची गाणी. त्यानंतर थोरला न चावता जेवायला लागला.

वहिनींचं मात्र वेगळंच झालं. रात्री मौनी गाणी ऐकत बसलेला असला तरी दुकानाचे धुतलेले टॉवेल त्या त्याच्या खोलीतल्या पलंगावर टाकून घड्या घालत. एक दिवस घडी घालता घालता म्हणाल्या, “भाऊजी, ते परवाचं लावा ना. ज्यात ती बाई जिना उतरल्यासारखी गाते.”

मौनी बघतच राहिला. ते गाणं अगदी तसंच होतं, आणि त्याला ते कधी सांगता आलं नसतं. त्यानं लावलं. मग आपणहून म्हणाला, “आता ऐका हं, खालच्या पायरीवर ती श्वास घेते.” त्या दिवसापासून टॉवेलांच्या घड्यांना दुप्पट वेळ लागू लागला.

“तुमचा भाऊ बोलतो हो!” वहिनींनी नवऱ्याला सांगितलं.

“काय बोलतो?”

“फ्रिजबद्दल.”

पुढे ‘अर्धी झोप’वाल्या दोघी गावात येणार असल्याचं नातीनंच कळवलं. कार्यक्रम जुन्या गोदामात होता. थोरल्यानं “कानात कापूस घालून जा” एवढाच आशीर्वाद दिला. दारावरच्या माणसानं मौनी आणि वहिनींना अडवलं. “काका, मुलीला न्यायला आलात? पालकांनी बाहेर थांबायचं.”

“मुलगी कसली?” वहिनी म्हणाल्या, “आम्हीच आलोय.”

आत निळा धूर आणि सगळी पोरंपोरी. मौनीच्या पुढ्यात एक उंच पोरगा उभा होता आणि त्याच्या मानेवरची केसांची रेघ वाकडी होती. पहिली दोन गाणी मौनीनं त्या रेघेकडे बघण्यात घालवली.

“भाऊजी, त्याची मान सोडा. पुढे बघा.”

पुढे त्या दोघी होत्या, वाटल्या होत्या त्यापेक्षा कितीतरी लहानखुऱ्या. मशिनवाली तर लोकांकडे पाठ करून उभी होती. तिला बघून मौनीला फार बरं वाटलं. मग जिन्याचं गाणं सुरू झालं. आवाज जमिनीतून पायांत, पायांतून बरगड्यांत शिरला. थोड्या वेळानं वहिनींनी वळून पाहिलं तर मौनी गात होता. शब्द चुकीचे, सूर कुठल्या कुठे, पण गळ्याच्या शिरा ताणून, डोळे मिटून, भर सभेत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भानही नव्हतं. वहिनींनी त्याला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा घसा पार बसला. थोरल्याच्या आनंदाला पारावार उरला नाही. येईल त्या गिऱ्हाइकाला तो सांगायचा, “गाऊन गाऊन आवाज बसला माझ्या भावाचा! खोटं वाटतं? विचारा त्यालाच.” मौनीला उत्तर देता येत नव्हतं, आणि थोरला ते छाती फुगवून दाखवत होता.

वर्ष उलटलं आणि बातमी आली की दोघींनी बँड मोडला. मौनीनं ती फोनवर वाचली, फोन आरशापुढे उलटा ठेवला आणि बाकावर जाऊन बसला. दुकान रिकामं होतं. थोरला त्याच्या शेजारी येऊन टेकला.

“भांडल्या?”

“नाही. मशिनवालीला आता नको वाटतं म्हणे.”

थोरल्यानं बाकावर पडलेले केस हातानं झटकले. मग म्हणाला, “आपण कसे रे टिकलो इतकी वर्षं?”

“तू बोलतोस,” मौनी म्हणाला, “आणि मी ऐकत नाही.”

थोरला एवढा हसला की त्याला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, “लाव बघू त्यांचं एखादं. मी काही बोलणार नाही.”

मौनीनं लावलं. थोरला गाण्याच्या मध्यापर्यंत बोलला नाही, आणि मग त्यानं विचारलं, “ही बाई एवढी हळू का गाते रे?” मौनी त्याला समजावून सांगू लागला.