अर्ध्या गॅरेजातलं ऑफिस

जगातली बहुतेक माणसं झोपेत स्वप्नं पाहतात. माझे मामासासरे ती सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत, खुर्चीत ताठ बसून, डोळे उघडे ठेवून पाहतात. मध्ये एक ते दोन जेवणाची सुट्टी. इतक्या शिस्तीनं स्वप्नं पाहणारा दुसरा माणूस मला साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठं भेटलेला नाही.

फौजेत त्यांनी सव्वीस वर्षं गाड्या चालवल्या. आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला लोक मेजर म्हणतात, तसे हेही मेजर. कराडजवळच्या मलकापुरात घर बांधायला काढलं तेव्हा त्यांनी आधी गॅरेज बांधलं, आणि तेही ट्रक मावेल एवढं. त्यात त्यांची ती छोटी पांढरी गाडी उभी राहिली की मोठ्या पातेल्यात एकच वाटाणा शिजत घातल्यासारखी दिसायची. उरलेल्या जागेत मामींच्या लोणच्याच्या बरण्या, कांद्याची पोती आणि पापड वाळवायची बाज असा संसार मांडलेला होता. एका सकाळी चहाची बशी तशीच हातात धरून मामा कुठंतरी लांब बघत म्हणाले, "निम्म्या गॅरेजात हापिस काढायचं."

"कसलं हापिस?" मामींनी विचारलं.

"ते ठरंल की हळूहळू. आधी हापिस तर हुंद्या."

चुन्याची रेघ मारून गॅरेजचे दोन भाग झाले. कराडहून सुतार आला. तो अनुभवी माणूस. वकिलाचं ऑफिस असेल तर पुस्तकांना फळ्या लागतात, डॉक्टरचं असेल तर पडदा लागतो, हे सांगून त्यानं विचारलं, "मेजर, तुमचं कशाचं?" मामा भिंतीवर खडूनं काढलेल्या खिडकीच्या चौकोनाकडे बराच वेळ बघत राहिले, जणू त्यातून आत्ताच वारा येत होता. मग म्हणाले, "बसायचं." सुतारानं रंधा खाली ठेवला आणि आधी चहा मागवला.

पण ऑफिस झालं मात्र देखणं. मधोमध प्लायवूडची भिंत, अलीकडे गाडी, पलीकडे टेबल, खुर्ची, पंखा आणि भिंतीवरचं घड्याळ. खिडकीतून मागचा ऊस दिसायचा. थंडीत उसाला तुरे आले की सगळं रान पांढरं होऊन हलत राहायचं आणि मामा त्याच्याकडे असे बघत बसायचे, की टेबलावरचा चहा गार होऊन वर साय धरायची. दाराबाहेर, गाडीशेजारी, भेटायला येणाऱ्यांसाठी एक बाकडं ठेवलं होतं. मी पहिल्यांदा साताऱ्याहून गेलो तेव्हा मलाही त्यावर बसवलं. आत मामांशिवाय कोणी नव्हतं. दहा मिनिटांनी आवाज आला, "हं, पाव्हणं, या आत."

नियम सर्वांना सारखे होते आणि मामा स्वतःही त्यातून सुटले नव्हते. वाईला मामींच्या भाचीचं लग्न होतं. मामांनी स्वतःच्याच नावे रजेचा अर्ज लिहिला आणि टेबलाच्या खणात ठेवून दिला. लग्नाचा दिवस उजाडला तरी अर्ज खणातच.

"रजा मंजूर झाली न्हाई," मामा खिन्नपणे म्हणाले.

"आवं, पण मंजूर कुणी करायची?"

"मीच. पर कारण सबळ वाटंना."

मामी एकट्याच एसटीनं वाईला गेल्या आणि परत आल्यावर दोन दिवस जेवणाचं ताट आपटून ठेवत होत्या.

असं वर्षभर बिनकामाचं ऑफिस चाललं. मग एका सकाळी शेजारच्या ट्रॅक्टर मेकॅनिकची मुलगी, ज्योती, छातीशी पुस्तकं धरून दारात उभी राहिली. सरकारी नोकरीच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. घरी दोन खोल्यांत सहा माणसं आणि दिवसभर टीव्ही. वडिलांनी सांगून टाकलं होतं, या खेपेला जमलं नाही तर लग्न.

"आबा, तुमच्या हापिसात कवा कवा बसू का?"

मामांनी चष्मा काढून पुसला. "कामाचं स्वरूप?"

"अभ्यास."

मामी सांगतात, एवढा आनंद मामांच्या तोंडावर स्वतःच्या लग्नातसुद्धा दिसला नव्हता. ऑफिसला अखेर काम मिळालं. त्यांनी स्वतःची खुर्ची तिला दिली. दोन दिवस ते बाजूला स्टुलावर बसले, पण त्यांच्या सुस्काऱ्यांनी पोरीचं लक्ष उडतंय हे त्यांच्या ध्यानात आलं. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी आपला मुक्काम भिंतीपलीकडे, गाडीत हलवला. दहा ते पाच स्टिअरिंगपुढं बसून राहायचे, गाडी जागची हलत नसे. भाजीवाल्याची रिक्षा भोंगा लावून आली, की खाली उतरून दोन्ही हात पसरून रस्त्यात उभे राहायचे. "आरं बंद कर ते! हितं परीक्षा हाय."

परीक्षा महिन्यावर आली असताना एका दुपारी तीन वाजता ज्योतीचे वडील घाईघाईनं आले. मागं विट्याकडची चार पाहुणेमंडळी. मुलाचं दूर मद्रासेकडे सोनं गाळायचं दुकान, घराणं चांगलं, मुलगी आत्ताच बघायची होती. मामा गाडीतून उतरून दाराला पाठ लावून उभे राहिले.

"हापिसाच्या वेळेत भेटता येत न्हाई. पाचनंतर या."

"मेजर, माझी पोरगी हाय ती!"

"घरात तुमची. हितं ती कामावर हाय."

पाहुणे बाकड्यावर ओळीनं बसले. मामींनी चहा दिला, चिवडा दिला. घड्याळात चार वाजले. मुलाचा चुलता सारखा मनगटाकडे बघत होता. साडेचारला त्यांची शेवटची सोयीची एसटी होती, ती धरायला सगळे उठून गेले. जाताना ज्योतीच्या वडिलांनी बाकड्याला एक लाथ मारली आणि त्यानंतर तीन महिने मामांकडे पाहिलं नाही.

त्या दिवसापासून मामांचं स्वप्न पाहणं थांबलं. मी गेलो तेव्हा ते गाडीत बसले होते, पण डोळे समोरच्या भिंतीवर. "पाव्हणं, मी दुसऱ्याच्या पोरीचं चांगलं ठिकाण घालवलं. आता ही नापास झाली तर तिच्या बापाला तोंड कसं दाखवू?" जेवणाची सुट्टी झाली तरी ते घरात गेले नाहीत. मामी ताट घेऊन गाडीपाशी आल्या, तर त्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

ज्योती पास झाली. सांगलीला नेमणूक मिळाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिचे वडील पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि कोणी सांगायच्या आत बाकड्यावर बसले. हात अजून ग्रीसनं काळे होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मेजर, आत येऊ का?" मामांनी दार उघडलं. दोघंही अर्धा तास आत बसले. बाहेर आले तेव्हा पेढे संपले होते.

मागच्या महिन्यात गेलो तर आत दोन नव्या मुली वाचत होत्या आणि मामा गाडीतच. मी शेजारी जाऊन बसलो. भिंतीपलीकडून पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"डाक्टर म्हणला, गाडी चालवायची न्हाई आता," मामा सहज बोलल्यासारखं बोलले. "डाव्या डोळ्याला धुकं दिसतंय. ती इकून टाकतो. ही बाजूबी मोकळी हुईल. आनखी चार पोरी बसत्याल." मग किल्ली माझ्या हातात दिली. "एकदा संगमापातूर जाऊन येऊ. तुमी चालवा."

ते डाव्या बाजूच्या सीटवर बसले, पण हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना. शेवटी गुडघ्यावर ठेवले. रस्त्याकडेच्या बाभळी गेल्या, एक गुऱ्हाळ गेलं, धुणं वाळत घातलेलं अंगण गेलं. काच खाली करून मामा सगळ्याकडे टक लावून बघत होते. नदीचं पाणी दिसायला लागलं तेव्हा हळूच म्हणाले, "लय दिसतंय की हितनं. चालवताना कवा बघायलाच मिळालं न्हाई."

मी गाडी आणखी सावकाश घेतली.