विहिरीच्या रकान्यातला दोन

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. वर्ध्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची खोली होती आणि तिच्या दाराशी चपला काढाव्या लागत. देवळात पाऊल न टाकणारा मी तिथे अनवाणी उभा होतो, रागातच.

आम्ही पत्रकं वाटणारी पोरं. त्या उन्हाळ्यात बौद्ध वस्त्यांमधून फॉर्म भरून आणले होते: गावच्या विहिरीवर पाणी भरता येतं का? हो किंवा नाही. जिथे 'नाही', त्या वस्त्यांची यादी हातपंपासाठी सोमवारी कचेरीत द्यायची होती. पुलगावकडच्या एका वस्तीतली काकू म्हणाली होती, "भरता येते ना बापू. पण दोराले हात नाई लावू देत. ते वरून ओततात, आमी खाली घागर-गुंड धरतो." मी वैतागून दोन्हीकडे खूण केली होती.

फॉर्म मशीनमध्ये भरणाऱ्या बाईंनीच सी भाषेतला तो प्रोग्राम लिहिला होता. "दोन खुणा चालत नाहीत," त्या म्हणाल्या. "उत्तरासाठी मी बुलियन नावाचा प्रकार बनवून ठेवलाय. हो नाहीतर नाही. तिसरं बसत नाही."

"मंग तुमचं मशीनबी आमच्या पाटलासारखंच."

बाई हसल्या नाहीत. बुलियन खोडून त्यांनी तिथे इंट लिहिलं, म्हणजे साधा पूर्णांक. "नाहीला शून्य, होला एक. तुझ्या काकूला दोन."

एक शब्द बदलला फक्त. आमच्या चार पानी पत्रकात जी काकू मावली नव्हती, ती तिथे बसली.

प्रिंटर करकरला. काकूची वस्ती यादीत नव्हती.

"काऊन?"

बाईंनी प्रोग्राम पुन्हा वाचला. "सी फक्त शून्यालाच 'नाही' समजते. बाकी कोणताही आकडा म्हणजे हो. दोनही हो."

"सरकारचीच रीत."

"चूक माझी आहे. प्रकार बदलला, तपासणी जुनीच ठेवली." त्यांनी ती ओळ बदलली: उत्तर एक नसेल ते सगळं यादीत.

आता वस्ती आली. नावापुढे दोन.

रविवारी तो कडेला भोकं असलेला कागद घेऊन मी वस्तीवर गेलो. काकूला वाचता येत नव्हतं. मी आकड्यावर बोट ठेवलं. "ही तू. वरून ओततात ते."

तिने कागद हातात घेतला. "एवढं समजलं त्याले?"

मग कागदाची घडी घालत म्हणाली, "उद्या मलेबी ने कचेरीत. साहेब इचारन, दोन म्हणजे काय, तं तू काय सांगशील?"