वडील काय करतात?

मैदानी चाचणी पार पडल्यावर फौजदारपदाच्या मुलाखतीची तयारी माझ्याकडून अण्णांनी करून घेतली. अण्णा म्हणजे माझे वडील, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलामागे साहेब होऊन बसायचे. मी व्हरांड्यात जायचं, दार वाजवायचं, ‘मे आय कम इन, सर’ म्हणायचं. ‘बसा’ म्हटल्याशिवाय बसायचं नाही, आणि ते मुद्दाम म्हणायचे नाहीत. मी जाम वैतागायचे. आई आतून म्हणायची, ‘‘अहो, पोरीला जेवू तरी द्या.’’

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘वडील काय करतात?’ समोर बसलेल्या बापाला बापाबद्दल सांगताना मला हसू फुटायचं. हसले की पुन्हा व्हरांडा. शेवटी ते उत्तर इतकं पाठ झालं की झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

मुलाखतीची तारीख जाहीर झाली आणि त्याच आठवड्यात अण्णा हार्ट अटॅकने गेले. तेराव्याचे पाहुणे पांगले, तशी मी मुलाखतीला गेले.

दार वाजवलं. मधल्या साहेबांनी लगेच ‘बसा’ म्हटलं आणि तोच प्रश्न विचारला.

‘‘वडील निवृत्त आहेत, सर. घरीच असतात. माझी तयारी तेच करून घेतात.’’

सगळं बोलून झाल्यावर मला कळलं, मी काय बोलले ते. या वेळी हसू आलं नव्हतं.

‘‘छान,’’ साहेब म्हणाले. ‘‘त्यांना आमचा नमस्कार सांगा.’’

‘‘सांगते, सर.’’