कोयत्याच्या गालाचा फोटो

मागच्या महिन्यात दवाखान्याची फरशी पुसत होते. सिस्टर येऊन म्हणाली, "कमल, डॉक्टरसाहेब गेले." पुण्याहून येताना गाडीतच छातीत कळ आली. माझ्या हातातलं फडकं ठिबकत राहिलं...

त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते डोळ्यात रक्त असताना. सोमेश्वरनगरला उसाच्या फडात नवऱ्यानं कोयता मारला. "मुकादमाशी हसतीस व्हय? आता हस." गाल आरपार फाटला, जिभेला बाहेरचा वारा लागत होता. पडल्यावर त्यानं केस धरून माझं तोंड पाचटात घासलं. ट्रॅक्टरमधून मला बारामतीला आणलं. डॉक्टरांनी टाके घातले, पुढं कामालाही ठेवलं. पण कानापासून ओठापर्यंत खड्डा राहिला.

दोन वर्षांनी डॉक्टर पुण्याला नवं काम शिकून आले. पोटावरची चरबी सुईनं काढायची आणि सुईनंच व्रणाखाली भरायची. कापाकापी नाही. एक डॉक्टरमित्र हसले, "उसाच्या गावात नट्या कुठून आणणार?"

"नट्या कशाला? माझ्याकडे कोयत्याचे गाल आहेत."

पहिला गाल माझा. त्याआधी त्यांनी मला भिंतीशी उभं केलं. मी पदर तोंडावर ओढला.

"पदर काढ. आधीचा फोटो नसेल तर मी सुई उचलत नाही."

खड्डा भरला, बारीक रेघ उरली. त्या आनंदात नवऱ्यावरची कोर्टातली केस उभी राहायची आहे, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. बारामतीच्या कोर्टात नवऱ्याचा वकील जज्जसाहेबांना म्हणाला, "साहेब, हा कोयत्याचा वार? बोरीचा काटा ओरबाडला असेल. टाके काय, पडल्यावरही घालतात." नवरा माझ्याकडं बघून हसला.

पुढच्या तारखेला साक्षीला डॉक्टर आले. त्यांनी तो आधीचा फोटो जज्जसाहेबांपुढं ठेवला. साहेबांनी बराच वेळ पाहिला... नवऱ्याला शिक्षा झाली. पोलिसांच्या हातात असतानाच तो म्हणाला, "सुटून येतो. दुसरा गाल ऱ्हायलाय."

मी डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, त्यो फोटो फाडा. बघवत न्हाय."

"तो सुटून येणार आहे. तेव्हा लागेल, तुझ्याकडंच ठेव."

आता दवाखान्यात नवे डॉक्टर बसतात. फोटोसाठी भिंतीशी बायकांना मीच उभं करते. काल एक पोरगी आली, ओठ कुणीतरी दातानं तोडलेला. ओढणी सोडेना. सासू म्हणत होती, "पडली वं, फोटो कशाला?"

मी सासूला बाहेर बसवलं, ट्रंकेतला माझा फोटो आणून पोरीच्या हातात दिला. तिनं एकदा फोटो पाहिला, एकदा माझा गाल. मग ओढणी खाली घेतली.