दुसऱ्यांच्या घरातली ड्यूटी

दुसऱ्याच्या घरात रोज आठ तास काढले की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते लुगड्याला गोखरू चिकटावेत तसे आपोआप चिकटून घरी येतात. कितीही झटका, दोन-चार राहतातच! आम्ही तिघी, म्हणजे मी, गिरजा आणि सुलोचना, एकत्र बसलो की तेच काढत बसतो.

परवा गिरजाच्या नातीने विचारलं, "आजी, तुमच्या त्या कामाले शिक्षण काय लागे?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि जे हसत सुटलो, ती पोरगी घाबरून पाणी आणायला पळाली.

*

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती. सावली गावातल्या एका छोट्या दवाखान्याला घरी जाऊन पेशंट सांभाळणाऱ्या बाया हव्या होत्या. मी वरोऱ्याहून सातवीचं सर्टिफिकेट घडी करून घेऊन गेले. तिथल्या मुख्य नर्सला सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्यांनी सर्टिफिकेट पाहिलंसुद्धा नाही. पेजेची वाटी माझ्या हातात दिली, स्वतः खाटेवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "मले भरव."

मी पहिला चमचा दिला. बाईंनी सगळी पेज फुर्रकन माझ्या नव्या लुगड्यावर थुंकली!

 माझ्या तोंडातून निघालं, "लयच गरम होती का, बाई?"

बाई उठून बसल्या. "उद्यापासून ये."

तोच आमचा इंटरव्ह्यू. त्या दिवशी माझ्याआधी तीन जणी रडत घरी गेल्या होत्या.

*

गिरजा तलावावर मासे धरणाऱ्या घरातली. लहानपणापासून जाळी ओढून दंड असे की पहिलवानाने पाहत राहावं. तिला एका पाटलांकडे पाठवलं. पाटलांच्या अंगावरून वारं गेलेलं, देह मात्र भरभक्कम. त्यांना आतल्या खोलीतून ओसरीवर आणायचं होतं. चार गडी जमले आणि वाद सुरू झाला. कोणी म्हणे खाटेसकट उचला, कोणी म्हणे सतरंजीत घ्या, एक म्हणे आधी दाराची चौकट काढा!

गिरजा आत गेली, पाटलांच्या काखेखाली एक हात, गुडघ्याखाली एक हात घातला आणि त्यांना उचलून बाहेर आली.

"लवकर सांगा, कुठी ठेवू? चुलीवर दूध हाय."

दुसऱ्या दिवशी पाटील तिला हळूच म्हणाले, "गिरजाबाई, गावात सांगू नोका."

"नाई सांगत, भाऊ. पण तुमी भात जरा कमी खा!"

*

माझी फजिती सांगते. सिरोंच्याकडची एक म्हातारी सावलीत लेकीकडे राहायची. पाय मोडलेला, आणि मराठीचा एक शब्द येत नव्हता. लेक शेतावर निघता निघता दारातून ओरडून दोन तेलुगू शब्द शिकवून गेली. 'आकली' म्हणजे भूक, 'नोप्पी' म्हणजे दुखणं. मी मान डोलावली आणि डोक्यात नेमके उलटे बसवले!

म्हातारी "आकली, आकली" म्हणाली की मी चांगल्या पायाला तेल लावून चेपायची. ती माझ्याकडे बघतच राहायची. कधी "नोप्पी" म्हणाली की गरम पेज पुढे.

चौथ्या दिवशी लेक घरी होती. चुलीवर भात शिजल्याचा वास सुटला तशी म्हातारी जोरात ओरडली, "नोप्पी! नोप्पी!" लेक धावत आली आणि तेलुगूतच कुठे दुखतं ते विचारू लागली. म्हातारीने तेलुगूत काहीतरी सांगितलं आणि लेक हसून हसून उंबरठ्यावरच बसली.

मी विचारलं, "काऊन हसून राह्यली?"

"माय म्हणते, दुखत काही नाई, भूक लागली. नर्सबाईले समजावं म्हणून तिच्या भाषेत बोलून राह्यली!"

*

सुलोचनाला खोटं बोलता येत नसे. आम्हाला धास्ती वाटायची, ही पेशंटला काय सांगून बसेल! एक आजी तापाने खंगलेल्या. घरातले सगळे "काही नाई होत, आजी" म्हणून तोंड फिरवायचे. आजींनी एक दिवस सुलोचनाचा हात धरला. "पोरी, खरं सांग, मी वाचीन का?"

सुलोचना म्हणाली, "मले नाई माहीत, आजी. डॉक्टरलेही नाई माहीत. पण तुमचे केस विंचरून ठेवू. इथी राह्यल्या तरी अन् वर गेल्या तरी बरे दिसतीन."

आजी खोकला लागेपर्यंत हसल्या. त्यानंतर सुलोचनाशिवाय कोणाच्या हातचं औषध त्यांनी घेतलं नाही. पुढे सहा वर्षं जगल्या, आणि रोज केस विंचरून घेत!

*

एका गोष्टीची मात्र अजून लाज वाटते. किसनभाऊ म्हणून एक म्हातारे, खाटेला खिळलेले. उशाशी पितळी लोटा आणि हातात काठी. दर पाच मिनिटांनी टणटण! मी धावत जायची तर म्हणायचे, "काही नाई, बाई." एक दिवस मी वैतागले आणि लोटाच उचलून कोनाड्यात ठेवला.

दुपारभर घर शांत. संध्याकाळी आत गेले तर अंथरूण ओलं आणि म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्यांनी हाक मारली नव्हती. मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. अंथरूण बदललं, लोटा परत आणून ठेवला.

"माफ करा, भाऊ. पण काऊन वाजवत राह्यता सारखे?"

"काही पायजे म्हणून नाई, बाई. घरात कोणी हाय का, थे पाहतो."

मग आमचं ठरलं. त्यांनी आतून लोटा वाजवायचा आणि मी चुलीपाशी उलथनं तव्यावर आपटून जबाब द्यायचा. शेजारीण एकदा डोकावून म्हणाली, "बाई, तुमच्या घरी रोज कोणाची वरात हाय?"

*

आणि आता भागीरथीबाईंचा किस्सा. कमरेखाली जोर गेलेल्या त्या ओसरीवर, त्यांची सून रांधणीत चुलीपाशी. मधे एक कुडाची भिंत. कुठल्याशा भांडणावरून दोघींचं तीन वर्षं बोलणं बंद! सगळा कारभार माझ्या तोंडून चालायचा.

"नर्सबाई, तिले सांगा, वरणात मीठ नाई."

"नर्सबाई, त्यायले सांगा, डॉक्टरनं मना केलं."

दोघींना सगळं ऐकू जायचं, तरी मी दोन्ही बाजूंना जाऊन तेच परत बोलायची. बोलून बोलून एका सकाळी माझा गळाच बसला. नुसती हवा निघायची.

ओसरीवर शांतता, रांधणीत शांतता. जेवण झालं, ताट तसंच पडलं. मी दोघींच्या मधे खांबाला टेकून बसलेली. शेवटी भागीरथीबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "बाईचा गळा बसला. काढा दे तिले."

आतून डबे हलवल्याचा आवाज आला. मग, "अद्रक कुठी हाय घरात?"

"कोपऱ्यातल्या मडक्यात, रेतीत पुरून ठेवली हाय."

"थे मडकं फुटलं. दोन वर्षं झाली."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"कोणाले सांगू?"

काढा झाला. दोघींनी मिळून तो मला पाजला. एक म्हणे गूळ जास्त, दुसरी म्हणे कमी!

माझा गळा दुसऱ्याच दिवशी मोकळा झाला. मी मात्र पंधरा दिवस हातवारे करत राहिले.

सोळाव्या दिवशी घरी निघाले तर सून अंगणापर्यंत पोचवायला आली. इकडे तिकडे पाहून माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, तुमचा गळा बरा झाला, थे मले पहिल्याच दिवशी समजलं. पण आत्याबाईले सांगू नोका."

तेवढ्यात ओसरीवरून भागीरथीबाईंचा आवाज आला, "नर्सबाई, तिलेही सांगू नोका!"